देवघरातले टाक नवे करून घ्यायचे असतील तर

घरात लग्न ठरलं किंवा भावाभावांच्या वाटण्या झाल्या की आपल्या मराठवाड्यात टाकांचा, म्हणजे देव उठवलेल्या चांदीच्या छोट्या पत्र्यांचा, विषय निघतोच. जुने देव सहसा थोरल्याकडं राहतात अन् धाकटा नवे करून घेतो, नाहीतर पूजेनं झिजून नाक-डोळेच दिसेना झालेले असतात.

सराफाकडं जायच्या आधी आजीला नाहीतर आत्याला विचारा की देवघरात कोण कोण आहे. कुणाकडं तुळजाभवानी, कुणाकडं माहूरची रेणुका, कुणाकडं अंबाजोगाईची योगेश्वरी, खंडोबा तर बऱ्याच घरी, अन् कधीकधी आणखी एक घोडेस्वार असतो तो घरातला वीर म्हणजे पूर्वज, त्याला खंडोबा समजून वगळू नका. खंडोबाच्या टाकावर बहुतेक म्हाळसा अन् कुत्रं असतं, त्यावरून ओळखा. दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, कारण तुमच्या घरच्या टाकाची ठेवण सराफाच्या रेडिमेड मालात मिळेलच असं नाही.

हाताचं काम असं होतं बघा. चांदीचा पत्रा लालसर तापवून थंड करतात, मग तो मऊ पडतो. ठशात देव आरशातल्यासारखा उलटा अन् खोल कोरलेला असतो, त्यावर पत्रा, वरून शिशाचा तुकडा, अन् हातोडा. शिसं स्वतः मऊ असल्यानं पत्र्याला खाचेत ढकलतं पण फाडत नाही. ठोकून चांदी कडक होते म्हणून मधीमधी परत तापवावी लागते, पण त्याआधी शिशाचा कण न् कण पुसायचा, राहिला तर तापवताना चांदीला भोक पडतं! मग डोळे, दागिने, घोड्याचा लगाम छिन्नीनं उठवतात अन् मागं तांब्याचा पत्रा लावून कडा दाबतात.

घेताना अंगठ्यानं हळूच दाबून बघा, चेपला तर पत्रा पातळ आहे, घेऊ नका. खंडोबाची तलवार उजव्या हातात आहे का तेही बघा, ठसा सरळच कोरला असेल तर देव डावखुरा निघतो. जुनी चांदी वापरायची असेल तर समोर वजन करा अन् वितळवतानाही तिथंच थांबा, लाजायचं काय त्यात.

मग देव भेटवायला, म्हणजे नवे टाक कुलदैवताच्या मूळ ठिकाणी नेऊन आणायला, तुळजापूर, माहूर, खंडोबावाले मार्गशीर्षात माळेगावला, जसं ज्याचं कुळ. अन् घरी आल्यावर टाक राखेनं, रांगोळीनं घासू नका, रिठ्याचं पाणी अन् मऊ फडकं बास आहे.