स्वतःच्याच त्वचेच्या पेशी वाढवून सुरकुत्यांवर उपचार: नाशिककरांसाठी माहिती

नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्याकडे उतरणाऱ्या खोल रेषांसाठी हा उपचार आहे. अमेरिकेत अझफिसेल-टी या अशाच पेशींच्या उत्पादनाला २०११ मध्ये मान्यता मिळाली ती याच रेषांसाठी. कपाळाच्या आठ्या स्नायूंमुळे पडतात, तिथे याची अपेक्षा धरू नका.

सुरुवातीलाच एक खूण लक्षात ठेवा. रक्त काढून तासाभरात इंजेक्शन देणार असतील, तर ते पीआरपी आहे, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेटयुक्त द्रव; पेशींचे कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवणे, नव्हे. कल्चरला महिने लागतात.

आधी कागद तपासा. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी आपल्याकडे २०१९ च्या नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार आणि त्यांच्या दुरुस्तीनुसार नवे औषध मानल्या जातात. त्यामुळे केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी किंवा नोंदणीकृत वैद्यकीय चाचणी दाखवायला सांगा. क्लिनिक कॉलेज रोडला असो वा गंगापूर रोडला, कागद नसेल तर पुढे जाऊ नका. चेहऱ्यावर पुरळ किंवा जंतुसंसर्ग असेल, तर तो बरा होईपर्यंत थांबा. व्रण फुगून केलॉइड होत असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा जेंटामायसिन या प्रतिजैविकाची अ‍ॅलर्जी असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. पेशी वाढवताना गाईच्या रक्तातले घटक वापरतात आणि त्यांचा अंश उरू शकतो. हेही आधीच विचारून घ्या.

त्वचेचा नमुना कानाच्या मागून घेतात, कारण तिथल्या त्वचेला ऊन कमी लागलेले असते आणि व्रण झाकला जातो. तेवढ्या जागेपुरती भूल देऊन ३ मिमीच्या पंचने, म्हणजे गोल कापणाऱ्या छोट्या हत्याराने, तीन तुकडे काढतात. ते पोषक द्रवात, २ ते ८ अंशांत प्रयोगशाळेत पोचले पाहिजेत. तुकडा बर्फाला थेट टेकला तर पेशी गोठून मरू शकतात. नाशिकच्या उन्हाळ्यात मुंबईच्या वाटेवर कसारा घाटात गाडी अडकली तर साध्या थर्मासचा भरवसा नाही. तापमानाची नोंद ठेवणारी पेटीच हवी. नमुना सोमवारी किंवा मंगळवारी द्या. शनिवारी दिला आणि रविवारी प्रयोगशाळा बंद असली, तर तो पडून राहतो.

प्रयोगशाळेत एन्झाइमने तुकडे विरघळवून फायब्रोब्लास्ट, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारे तंतू बनवणाऱ्या पेशी, वेगळे करतात आणि ३७ अंशांत वाढवतात. साधारण ११ ते २२ आठवडे लागतात. जंतू शिरले किंवा पेशी वाढल्याच नाहीत तर नमुना पुन्हा द्यावा लागतो. तसे झाल्यास पैशांचे काय, हे आधीच लेखी घ्या.

इंजेक्शने तीन वेळा, ३ ते ६ आठवड्यांच्या अंतराने देतात. पेशी तळाशी बसतात म्हणून कुपी हलकेच उलटी-सुलटी करतात. जोरात हलवली तर पेशी फुटतात. ३० गेजच्या बारीक सुईने, रेषेच्या दर सेंटिमीटरला ०.१ मिली, त्वचेच्या अगदी वरच्या थरात द्यायचे. जागा पांढरी पडून छोटा फुगवटा आला तर खोली बरोबर. पांढरी पडलीच नाही तर सुई खोल गेली, आणि महागडा डोस चरबीत वाया गेला. डॉक्टरांचा हात इथेच कळतो.

त्या दिवशी चेहरा चोळू नका, साबण लावू नका. लाली, सूज, काळे-निळे डाग बहुधा आठवड्याभरात जातात. फुगवटा काही तासांत बसला म्हणून घाबरू नका, कारण हा फिलर, म्हणजे रेषा लगेच भरून काढणारा जेल, नाही. फरक हळूहळू दिसतो, आणि चाचण्यांमध्येही तो सगळ्यांना दिसला नव्हता. म्हणून पहिल्या इंजेक्शनआधी आणि शेवटच्या इंजेक्शननंतर सहा महिन्यांनी, त्याच उजेडात, न हसता फोटो काढून ठेवा.