तापमान-सेन्सरच्या ड्रायव्हरसाठी लिनक्स कर्नलमधील डॉक्युमेंटेशन कसे लिहावे

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एखाद्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून तापमान मोजणारी चिप घेतली, तर ती बहुधा लहानशा प्लास्टिकच्या पिशवीतून मिळते आणि सोबत कागदाचा कपटाही नसतो. ती घरी आणून लिनक्सवर चालणाऱ्या बोर्डाला जोडणाऱ्या माणसाजवळ मग दोनच आधार उरतात: एक, उत्पादकाची डेटाशीट, आणि दुसरा, कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सोर्समधल्या ‘डॉक्युमेंटेशन’ फोल्डरातली त्या ड्रायव्हरची (चिपशी बोलणाऱ्या कोडची) फाइल. डेटाशीट चिपविषयी सांगते. ड्रायव्हर त्या चिपचे काय करतो, कोणती संख्या कोणत्या एककात दाखवतो, हे तिच्यात नसते. ते सांगणारी फाइल कशी लिहावी, हे येथे एलएम७५ या सर्वपरिचित सेन्सरच्या आधाराने मांडले आहे. एलएम७५चा ड्रायव्हर कर्नलमध्ये पूर्वीपासून आहे. म्हणूनच नव्या ड्रायव्हरसाठी लिहिणाऱ्याने त्याची फाइल नमुना म्हणून समोर ठेवावी.

कर्नलचे डॉक्युमेंटेशन २०१६ सालापासून रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या साध्या मजकुराच्या स्वरूपात लिहिले जाते आणि स्फिंक्स हे साधन त्यातून वेबपाने तयार करते. सेन्सरच्या ड्रायव्हरची फाइल ‘डॉक्युमेंटेशन’मधल्या ‘एचडब्ल्यूमॉन’ (हार्डवेअरवर देखरेख ठेवणारी कर्नलची व्यवस्था) फोल्डरात, ड्रायव्हरच्याच नावाने ठेवावी. पहिल्या ओळीत परवान्याची एसपीडीएक्स खूण, म्हणजे परवान्याचे नाव सांगणारी ठरावीक ओळ, द्यावी, त्याखाली शीर्षक लिहावे, आणि त्याच फोल्डरातल्या ‘इंडेक्स’ फाइलमध्ये आपल्या फाइलचे नाव वर्णक्रमाने योग्य जागी घालावे. ही शेवटची गोष्ट हमखास विसरली जाते. नाव घातले नाही, तर फाइल कोणत्याही अनुक्रमणिकेत नसल्याचा इशारा स्फिंक्स देते, आणि वाचकाला ती सापडत नाही.

मजकुराची सुरुवात आधार असलेल्या चिपांच्या यादीने करावी. प्रत्येक चिपपुढे तिचे नाव, ड्रायव्हर तिला ज्या नावाने ओळखतो ते नाव, ड्रायव्हर स्वतःहून तपासत असलेले पत्ते आणि डेटाशीट कोठे मिळेल, या चार गोष्टी याव्यात. पत्त्यांबाबत थोडे सविस्तर लिहिणे गरजेचे आहे. एलएम७५ला पत्ता ठरवणाऱ्या तीन पिना असतात. तिन्ही जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, जोडल्या तर आय-टू-सी बसवर, म्हणजे अनेक चिपा जोडता येणाऱ्या दोन तारांच्या जोडणीवर, तिचा पत्ता हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकलेखनात) ४८ होतो, आणि तिन्ही पुरवठ्याला जोडल्या तर ४एफ. म्हणजे एका बसवर अशा आठ चिपा बसू शकतात. हे एक वाक्य फाइलमध्ये असेल, तर सोल्डरिंग करणाऱ्याचे बरेच काम वाचते. एलएम७५शी जुळणाऱ्या चिपा अनेक उत्पादक बनवतात, आणि त्यांतल्या सगळ्याच ड्रायव्हरला आपोआप ओळखू येतात असे नाही. आपली चिप आपोआप ओळखली जाते, की ती डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय जोडले आहे ते कर्नलला सांगणाऱ्या वर्णनात) किंवा हाताने नोंदवावी लागते, हे स्पष्ट शब्दांत लिहावे.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे संख्यांचा अर्थ. एचडब्ल्यूमॉन व्यवस्थेत तापमान अंशाच्या हजाराव्या भागात, व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये, विद्युतप्रवाह मिलिअँपिअरमध्ये, वीजवापर मायक्रोवॉटमध्ये आणि पंख्याचा वेग मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांत देण्याचा नियम आहे. बोर्डावर ‘टेम्प१_इनपुट’ ही फाइल वाचली आणि २९५०० हा आकडा आला, तर तापमान २९.५ अंश सेल्सिअस आहे. चिपवर बोट टेकवून पुन्हा वाचावे: ३००००, मग ३०५००, मग ३१०००. आकडा दर वेळी ५००च्या पटीतच बदलतो, कारण मूळ एलएम७५ अर्ध्या अंशापेक्षा बारीक मोजतच नाही. तेथे २९४३७ असा आकडा दिसला, तर हातातली चिप अधिक बारीक मोजणारी, बारा बिटांची आहे. मापनाची पायरी आणि पल्ला या दोन्ही गोष्टी फाइलमध्ये द्याव्यात. एलएम७५साठी हा पल्ला उणे ५५ ते अधिक १२५ अंशांचा आहे.

मर्यादांविषयी लिहिताना मात्र विशेष काळजी घ्यावी, आणि हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. अंधेरीतल्या एका लहान कारखान्यातल्या यंत्रपेटीसाठी मी ड्रायव्हरसोबत एक टिपण दिले होते. कमाल तापमान ४५ अंश, हिस्टेरिसिस (इशारा सुरू होण्याच्या आणि थांबण्याच्या तापमानांतले अंतर) ५ अंश, एवढेच त्यात लिहिले होते. माझ्या मनात अर्थ असा होता की ४५ला पंखा सुरू व्हावा आणि पाच अंश उतरल्यावर, म्हणजे ४०ला, बंद व्हावा. टिपण वाचून तेथल्या तंत्रज्ञाने ‘टेम्प१_मॅक्स_हिस्ट’ या फाइलमध्ये ५००० लिहिले. परंतु एचडब्ल्यूमॉनच्या नियमानुसार ही किंमत कमाल मर्यादेपासूनचा फरक नसून प्रत्यक्ष तापमान असते. चिपने ते तसेच घेतले आणि तापमान ५ अंशांच्या खाली येईपर्यंत पंखा चालवणारी इशाऱ्याची पिन सोडली नाही. सांताक्रूझ येथे १९६२च्या जानेवारीत नोंदलेले मुंबईचे नीचांकी तापमानही ७.४ अंश आहे. पंखा आठवडाभर दिवसरात्र चालत राहिला, आणि दोष सर्किटमध्ये शोधला गेला. टिपणात ‘४०००० लिहावे, ही किंमत फरक नाही, प्रत्यक्ष तापमान आहे’ एवढे वाक्य असते, तर हे घडले नसते. तेव्हापासून मी प्रत्येक बदलता येण्याजोग्या किमतीपुढे एक प्रत्यक्ष उदाहरण आणि चिप सुरू होतानाची मूळ किंमत देतो. एलएम७५मध्ये या मूळ किमती ८० आणि ७५ अंश आहेत. या जोडीकडे पाहिले तरी हिस्टेरिसिसच्या फाइलमधली किंमत म्हणजे प्रत्यक्ष तापमान, हे ध्यानात येते.

ज्या फाइली सर्व सेन्सरांना समान आहेत, त्यांची व्याख्या आपल्या मजकुरात नव्याने करू नये. ती ‘सिसएफएस’विषयीच्या, म्हणजे कर्नल ज्यातून अशा फाइली दाखवतो त्या व्यवस्थेविषयीच्या, सामाईक पानावर आहे. आपली चिप कोणत्या फाइली दाखवते, त्यांतल्या कोणत्या फक्त वाचता येतात आणि कोणत्या लिहिता येतात, याचा तक्ता पुरेसा आहे. नेहमीपेक्षा वेगळी फाइल ड्रायव्हरने तयार केलीच, तर तिचे कारण आणि वर्तन दोन्ही लिहावे.

दुसरा भाग कोडच्या आतला. फंक्शनवर लिहिलेली टिप्पणी तिरकी रेघ आणि दोन तारे यांनी सुरू झाली, तर कर्नल-डॉक हे साधन ती वाचते. पहिल्या ओळीत फंक्शनचे नाव, आडवी रेघ आणि एका वाक्यातले वर्णन. त्याखाली @ चिन्ह लावून प्रत्येक पॅरामीटरचे नाव व अर्थ. मग ‘कॉन्टेक्स्ट’ (फंक्शन कोठून बोलावता येते) आणि ‘रिटर्न’ (ते काय परत देते) हे दोन परिच्छेद. बहुतेक जण ‘रिटर्न’ लिहितात आणि ‘कॉन्टेक्स्ट’ गाळतात. माझ्या मते ड्रायव्हरमध्ये ‘कॉन्टेक्स्ट’च अधिक मोलाचा आहे. आय-टू-सी बसवरून रजिस्टर वाचताना कर्नलला थांबावे लागते, म्हणजे ते फंक्शन झोपू शकते. ते इंटरप्ट हँडलरमधून किंवा स्पिनलॉक धरून, म्हणजे जेथे थांबण्याची मुभा नसते अशा जागेतून, बोलावले, तर ‘शेड्युलिंग व्हाइल ॲटॉमिक’ हा दोष पुढे येतो, आणि तोही दर वेळी नाही, तर कधीतरी. असा दोष शोधण्यात दिवस जातात. ‘हे फंक्शन झोपू शकते’ ही सूचना टिप्पणीत असेल, तर पुढचा माणूस ते थ्रेडमधूनच बोलावेल. ‘रिटर्न’मध्येही ‘चूक झाल्यास ऋण संख्या’ एवढ्यावर थांबू नये. चिपने उत्तर दिले नाही तर कोणता एरर कोड येतो आणि मर्यादेबाहेरची किंमत दिली तर ती नाकारली जाते की जवळच्या टोकाला आणली जाते, हे सांगावे.

लिहून झाल्यावर ‘मेक’ची ‘एचटीएमएलडॉक्स’ ही आज्ञा चालवावी आणि तयार झालेले पान ब्राउझरमध्ये स्वतः वाचावे. तक्त्याचे स्तंभ एका जागेनेही सरकले, तर तक्ता मोडतो आणि ते मूळ मजकुरात दिसत नाही. ड्रायव्हर बांधताना ‘डब्ल्यू=१’ हा पर्याय दिला, की ज्या पॅरामीटरचे वर्णन राहून गेले आहे त्याचा इशारा कर्नल-डॉक देते. त्यानंतर मात्र कोणत्याही यंत्राला न जमणारी तपासणी करावी: ज्याने ड्रायव्हर पाहिलेला नाही, अशा सहकाऱ्याला चिप, बोर्ड आणि केवळ आपले पान द्यावे, शेजारी गप्प बसावे, आणि तो जेथे अडेल ती ओळ पुन्हा लिहावी. मी आरंभी त्याच्या प्रश्नांना तोंडी उत्तरे देत असे. आता त्याचा प्रश्न कागदावर उतरवून घेतो, कारण तो प्रश्नच फाइलमध्ये काय राहिले आहे हे सांगतो.

भाषेविषयी एक सूचना. मूळ डॉक्युमेंटेशन इंग्रजीत द्यावे लागते. मराठी माध्यमातून आलेल्या आपल्या अनेक मुलांना तेथेच संकोच वाटतो. त्यांनी ड्रायव्हर काय करतो हे आधी मराठीत, पूर्ण वाक्यांत लिहून काढावे. जे वाक्य मराठीत पुरे होत नाही, तेथे बहुधा समजच अपुरी असते. ती पुरी झाली की साध्या, लहान इंग्रजी वाक्यांत तोच आशय सहज उतरतो. कर्नलच्या ‘ट्रान्सलेशन्स’ फोल्डरात चिनी, जपानी, कोरियन, इटालियन आणि स्पॅनिश भाषांतरे आहेत, तेव्हा पुढे आपल्या भाषेतही हे काम व्हावे, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

पाठवण्याची रीत थोडक्यात अशी. डिव्हाइस ट्रीच्या बाइंडिंगचा (चिपची नोंद कशी करावी या नियमांचा) पॅच, म्हणजे बदलांची फाइल, वेगळा ठेवावा. ड्रायव्हर आणि त्याची फाइल एकाच मालिकेत पाठवावी. ‘गेट मेंटेनर’ या स्क्रिप्टला विचारून योग्य व्यक्तींनाच, साध्या मजकुराच्या ईमेलने, ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ओळीसह पॅच धाडावा. परीक्षकाने मजकुरातल्या एखाद्या वाक्याविषयी प्रश्न विचारला, तर केवळ ईमेलमध्ये खुलासा करू नये. तो खुलासा फाइलमध्ये घालावा आणि मालिकेची दुसरी आवृत्ती, आधीच्या आवृत्तीपासून काय बदलले त्याच्या नोंदीसह, पाठवावी.