५ पिनचे स्विच ३ पिनच्या बोर्डात बसवायचेत?

हॉट-स्वॅप कीबोर्ड (ज्यात बटणांखालचे स्विच सोल्डरिंग न करता बदलता येतात) ३ पिनवाला आणि स्विच ५ पिनचे आले तर परत पाठवू नका हो, बाजूच्या दोन बारीक प्लास्टिकच्या दांड्या कापल्या की झालं काम, इंदूरला जेल रोडवर मोबाइल रिपेअरिंगच्या सामानात निपर (छोटी कापायची पक्कड) मिळतो, घरचा नेलकटरही चालतो. मधली जाड दांडी मात्र कापायची नाही! खरी काळजी धातूच्या पिनांची, जराशी वाकलेली दिसली तर चिमट्याने सरळ करा, मगच स्विच सरळ दाबा आणि पीसीबीच्या (कीबोर्डातल्या सर्किट बोर्डच्या) मागून सॉकेटला, म्हणजे पिना जिथे घुसतात त्या खाचेला, बोटाचा आधार द्या, नाहीतर सॉकेटच उखडतं आणि सोल्डरिंगशिवाय इलाज नसतो. कीकॅप (बटणावरची अक्षरवाली टोपी) सगळ्यात शेवटी, आधी एकेक बटण टेस्ट करा, एखादं चाललं नाही तर स्विच काढून बघा, बहुतेक वेळा पिन खाली दुमडलेली असते.