बबलवर 'हॅन्ड फॉर हॅन्ड' कसं चालवायचं

पोकर स्पर्धेत बक्षीस १०० जणांना आहे आणि खेळाडू उरलेत १०१. बक्षिसाच्या उंबरठ्यावरच्या या टप्प्याला बबल म्हणतात. अशा वेळी कमी चिप्स असलेल्याला खेळण्यापेक्षा रेंगाळणं परवडतं. तो साध्या फोल्डलाही (पत्ते टाकून देण्यालाही) वेळ काढतो, म्हणजे त्याच्या टेबलवर डाव कमी होतात, ब्लाइंड (पत्ते बघण्याआधीच लावायची सक्तीची बोली) कमी भरावे लागतात, आणि तेवढ्यात दुसरीकडे कुणीतरी बाद होतं. भुर्दंड पडतो तो भराभर खेळणाऱ्या टेबलांना. म्हणून बबलवर सगळ्या टेबलांना एकेकच डाव खेळायला लावतात आणि तो सगळीकडे एकाच क्षणी झाला असं धरतात. हेच 'हॅन्ड फॉर हॅन्ड'. पुढचे सगळे नियम यातूनच निघतात.

स्पर्धेचं घड्याळ थांबवा आणि घोषणा करा: चालू डाव संपवा, पुढचा वाटू नका. डीलरने पत्ते पिसून ठेवायला हरकत नाही. डाव संपला की त्याने उभं राहावं, म्हणजे कोणतं टेबल अडलंय ते लांबूनही दिसतं. सगळे उभे राहिले की पुढचा डाव. लेव्हलमधून (ब्लाइंड वाढेपर्यंतच्या वेळेतून) दर डावामागे ठरावीक वेळ वजा करा; सहसा २ मिनिटं धरतात. ही वजाबाकी विसरली की लेव्हल उगाच लांबते.

खरी कसोटी ऑल-इनची, म्हणजे कुणी सगळ्या चिप्स लावतो तेव्हाची. ऑल-इनला कॉल आला (दुसऱ्याने ती बोली स्वीकारली) की डीलरने तिथेच थांबायचं, बोर्डवर (टेबलाच्या मधल्या सामाईक पत्त्यांत) एकही पत्ता टाकायचा नाही. कारण दुसऱ्या एखाद्या टेबलवर कुणी अजून कॉल करावा की नाही याच्या विचारात असतो. इकडे कुणी बाद झाल्याचा ओरडा कानावर गेला तर त्याचा निर्णयच बदलेल. सगळीकडची बोली संपल्यावरच असे डाव एकेक करून पूर्ण करा.

एकाच डावात दोन टेबलांवर एकेक जण बाद झाला तर आधी कोण गेला हे पाहायचं नाही. १०१ उरलेले असताना असं झालं, तर १००व्या क्रमांकाचं बक्षीस दोघांत निम्मं वाटायचं. १०२ असताना झालं, तर दोघांनाही काही नाही. दोघं एकाच टेबलवर, एकाच डावात बाद झाले असतील, तर डावाच्या सुरुवातीला ज्याच्याकडे जास्त चिप्स होत्या तो वरच्या क्रमांकावर. त्यामुळे दोन ऑल-इन समोरासमोर आले की पत्ते उघडण्याआधी दोन्ही चिप्स मोजून घ्या. पॉट (लावलेल्या चिप्सचा ढीग) सरकल्यावर हा हिशेब लावणं फार अवघड जातं.

टेबलं समतोल करायची (खेळाडू हलवून संख्या सारखी करायची) ती दोन डावांच्या मधेच. मुद्दाम वेळ काढणाऱ्यावर या टप्प्यातही क्लॉक (निर्णयासाठी ठरावीक मुदत) बोलावता येतो, आणि फ्लोरने (स्पर्धेवर देखरेख करणाऱ्याने) तो स्वतःहून लावायला कचरू नये.

बबल फुटल्याची घोषणा नुसत्या स्क्रीनवरच्या आकड्यावरून करू नका. बाद झालेल्याची नोंद राहून गेलेली असू शकते. टेबलांवरची माणसं मोजा, आकडा जुळला की घड्याळ उरलेल्या वेळेपासून सुरू करा.