स्पॅनिश शिकायला स्पेनला निघालाय? मग इंग्रजी कोल्हापुरातच ठेवून जा

सुट्टीला घरी आलोय आणि रंकाळ्यावर भेटेल तो ज्युनिअर एकच विचारतोय, इंजिनिअरिंग करत करत तिकडं स्पॅनिश कसं जमवलंस. प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला असतो, मेकॅनिकलवाला आहे, त्यामुळं उदाहरणं त्यातलीच येणार.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्पॅनिश इंग्रजीतनं शिकू नका, मराठीतनं शिका. मी पहिले तीन महिने इंग्रजी पुस्तकातनं घासली आणि "मे गुस्ता" काय डोक्यात शिरेना. मग एक दिवस बसमध्ये उजेड पडला की हे तर आपलं "मला आवडतं" आहे! "मे गुस्ता एल काफे" म्हणजे मला कॉफी आवडते, "मे गुस्तान लॉस मांगोस" म्हणजे मला आंबे आवडतात. क्रियापद ज्याला आवडतं त्या माणसाप्रमाणं नाही, आवडलेल्या वस्तूप्रमाणं बदलतं, मराठीसारखंच. वर्गातली इंग्रजी बोलणारी पोरं यावर आठवडाभर डोकं आपटत होती, मी आपला निवांत. लिंगाचंही तसंच, आपण तीन सांभाळतो, त्यांची दोनच. फक्त "एल प्रोब्लेमा" पुल्लिंगी आणि "ला मानो" म्हणजे हात स्त्रीलिंगी, असले अपवाद पाठ करावे लागतात. त आणि द तर आपलेच, दातावरचे. आणि "पेरो" म्हणजे पण, "पेर्रो" म्हणजे कुत्रं, हा फरक ज्याला "आर्र तिच्या" म्हणता येतं त्याला कुणी शिकवायला नको.

मराठी जिथं हात वर करते ती जागा म्हणजे सेर आणि एस्तार ही दोन क्रियापदं. आपल्याकडं दोन्हीला "आहे"च. मी कंटाळलोय असं सांगायला वर्गात "सोय आबुर्रिदो" म्हणालो, त्याचा अर्थ होतो मी कंटाळवाणा माणूस आहे. "सोय" हे सेरचं रूप, म्हणायचं होतं एस्तारचं "एस्तोय". सगळे हसले, पण नंतर परत कधी चुकलो नाही.

आता इंजिनिअरिंगचं. जायच्या आधी एक दिवस उद्यमनगरात चक्कर मारा, ओळखीच्या वर्कशॉपमध्ये दिसेल त्या वस्तूचा फोटो काढा आणि घरी येऊन प्रत्येकाचं स्पॅनिश नाव लिहा. लेथ म्हणजे तोर्नो, स्क्रू तोर्नियो, नट तुएर्का, फाउंड्री फुन्दिसियोन, वाळू आरेना. "माचो" म्हणजे नर, पण फाउंड्रीत तोच कोअर (साच्यात पोकळी राखणारा तुकडा) आणि आटे पाडायचा टॅपसुद्धा तोच. "तेन्सियोन" तर कहर आहे, इलेक्ट्रिकलवाल्याला व्होल्टेज, आपल्याला स्ट्रेस (धातूतला ताण, मनाचा नव्हे) आणि डॉक्टरकडं गेलं की ब्लड प्रेशर. आकडे जपून वाचा, तिकडं दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब, मी लॅबमध्ये 2.500 ला अडीच समजून अख्खं गणित घालवलंय. मार्क 10 पैकी, 5 ला पास. पहिल्या सेमिस्टरला 5 आले तरी घरी पेढे वाटा.

पोचल्यावर कागदपत्रं लांबणीवर टाकू नका. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर महिन्याच्या आत तिये नावाच्या ओळखपत्राचा अर्ज, आणि त्याआधी नगरपालिकेत पत्त्याची नोंद, तिला एम्पाद्रोनामिएन्तो म्हणतात (हा शब्द बिनचूक म्हणता आला की अर्धी भाषा आली समजा). बहुतेक ठिकाणी आधी ऑनलाइन वेळ घ्यावी लागते, "सीता प्रेविया" म्हणायचं. सीतामाईशी काही संबंध नाही.

जेवणाचं सांगतो. दुपारचं जेवण दोन-तीनला, रात्रीचं नऊच्या पुढं, रविवारी बरीच दुकानं बंद, त्यामुळं शनिवारीच भरून ठेवा. त्यांचं पिमेन्तोन, म्हणजे लाल मिरचीची पूड, बघून हुरळू नका, रंग तांबड्या रश्श्याचा पण तिखटाचा पत्ता नाही. कांदा-लसूण चटणी घरूनच न्या, तूप आणि मटणाचं लोणचं मात्र नको, बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला युरोपात बंदी आहे. बेसनाला आरिना दे गार्बान्सो म्हणतात, मिळतं. आणि बटाटा! दुकानात "बाताता" लिहिलेलं दिसलं, म्हटलं हे तर आपलंच, दोन किलो आणले, सोलून बघतोय तर आत केशरी, ती रताळी निघाली. बटाट्याला पाताता म्हणतात. त्या दिवशी चटणी घालून रताळ्याचीच भाजी खाल्ली, रूम पार्टनरला लय आवडली.

बोलायचा सराव क्लासात होत नाही, इन्तेरकाम्बियोत होतो. म्हणजे अर्धा तास तुम्ही स्पॅनिश, अर्धा तास समोरचा इंग्रजी. टायमर लावा, नाहीतर तो पूर्ण तास इंग्रजीच झाडतो. मी संध्याकाळी तुरियाच्या बागेत चालत चालत करतो. 1957 ला तुरिया नदीला महापूर आला, मग त्यांनी नदीच शहराबाहेरून वळवली आणि जुन्या पात्रात बाग केली. 2019 चा पंचगंगेचा पूर बघितलेला माणूस त्या पात्रात उभा राहिला की जरा गप्पच होतो. व्हॅलेन्सियात पाट्यांवर व्हॅलेन्सियन भाषापण असते, ती वाचून आपलं स्पॅनिश कच्चं आहे म्हणून घाबरू नका. आणि ह ते लोक उच्चारतच नाहीत, त्यामुळं गावाचं नाव लिहून दाखवलं की ते "कोलापुर" वाचणार. दुरुस्त करायचा नाद मी सोडलाय.

घरी फोनची वेळ ठरवून टाका. मी तिकडं संध्याकाळी पाचला करतो, तेव्हा उन्हाळ्यात इकडं साडेआठ वाजलेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागं जातात आणि तोच फोन इकडं साडेनऊला येतो. हे आईला आधी सांगून ठेवा, माझी आई पहिल्या वर्षी ताट झाकून तासभर मोबाईलकडं बघत बसली होती.