छोट्या बेटांची व्यापारी टोकने कशी जमवावीत

टोकन म्हणजे नाणे नव्हे, हे या छंदाच्या पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे. नाण्यामागे राज्याची हमी असते, तर टोकनामागे एखाद्या व्यापाऱ्याची, मळेवाल्याची किंवा खाणमालकाची. आणि ती हमी त्याच्या दुकानाच्या उंबरठ्यापर्यंतच चालते. मोठ्या शहरात अशी दुकाने पुष्कळ असल्यामुळे टोकन निदान चार हातांतून फिरते, पण चार-पाच मैलांच्या बेटावर मळा, दुकान, गलबत आणि न्यायनिवाडा हे सर्व बहुधा एकाच माणसाच्या हाती असल्यामुळे तेथील टोकन हे मजुरीपेक्षा उधारीच्या खात्याच्या अधिक जवळचे असते. ऊसतोडीच्या टोळ्यांना दिली जाणारी उचल आणि तिच्यामुळे हंगामभर बांधला जाणारा मजूर आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात कोणाला नवा नाही. त्यामुळे बेटावरचे टोकन समजून घेण्यास येथील वाचकाला फार दूर जावे लागत नाही.

म्हणूनच कोणतेही टोकन विकत घेण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत: ते कोणी दिले, कोणाला दिले आणि ते कोठे वटत होते. या तिन्हींची उत्तरे मिळत नसतील, तर तो नग कितीही देखणा असला तरी घेण्याची घाई करू नये. माझ्या मते दुर्मिळतेपेक्षा हीच कसोटी जास्त उपयोगी आहे, कारण दुर्मिळता विक्रेता सांगतो, पण उत्तरे आपली आपल्यालाच शोधावी लागतात.

या कसोटीला सर्वांत चोख उतरणारे उदाहरण म्हणजे हिंदी महासागरातील कोकोस, अर्थात कीलिंग बेटे. क्लूनीज-रॉस घराण्याने तेथे नारळाचे मळे उभे केले, ब्रिटिशांनी १८५७ साली बेटांवर हक्क सांगितला आणि १८८६ साली राणी व्हिक्टोरियाने ती या घराण्याला कायमच्या पट्ट्याने दिली. खोबरे काढणाऱ्या मलय मजुरांना मजुरी मिळे ती मळ्याच्या स्वतःच्या चलनात, आणि ते चलन चाले मळ्याच्याच दुकानात. १९१३ साल घातलेली हस्तिदंती रंगाच्या प्लास्टिकची टोकने ५, १०, २५ व ५० सेंट आणि १, २ व ५ रुपये अशा सात किमतींची होती. किंमत रुपयांत असली तरी तो रुपया आपल्या मुंबई किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीचा नव्हे, हे ध्यानात ठेवावे. या नगांवर क्रमांक घातलेला असतो; खरेदीच्या वेळी तो छायाचित्रात स्पष्ट दिसतो की नाही ते पाहावे आणि आपल्या नोंदीत उतरवून घ्यावा. पुढे १९६८ साली रंगीत प्लास्टिकची दुसरी मालिका निघाली. १९७८ साली ऑस्ट्रेलियाने या घराण्याकडून बेटे ६२.५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरना विकत घेतली. नवख्या माणसाने १९६८ची मालिका आधी आणि १९१३ची नंतर, असा क्रम ठेवला तर हात बसतो आणि खिशालाही झेपते.

ब्रिस्टलच्या खाडीतील लंडी बेटाची गोष्ट अगदी वेगळ्या स्वभावाची आहे. मार्टिन कोल्स हार्मन या धनिकाने १९२५ साली हे बेट विकत घेतले आणि १९२९ साली ‘पफिन’ व ‘अर्धा पफिन’ अशी कांस्याची टोकने प्रत्येकी ५० हजार पाडून घेतली. पफिन हा त्या बेटावरचा रंगीत चोचीचा समुद्रपक्षी. त्याचे चित्र एका बाजूला आणि खुद्द हार्मनसाहेबांचा चेहरा दुसऱ्या बाजूला होता. राजाच्या जागी स्वतःचे मुखवटाचित्र छापणे ब्रिटिश सरकारला रुचले नाही. १८७० सालच्या नाणेविषयक कायद्याखाली त्याच्यावर खटला झाला, पाच पौंड दंड व पंधरा गिनी खर्च बसला आणि अपिलातही त्याची हार झाली. संग्राहकाच्या दृष्टीने येथे दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे संख्या मोठी असल्याने १९२९चे नग आजही सहज मिळतात, तेव्हा विक्रेत्याने ‘अतिदुर्मिळ’ म्हटले तर स्मित करून पुढे जावे. दुसरी म्हणजे १९६५ साल घातलेले नग हे पुढे स्मरणार्थ काढलेले आहेत. ते बेटावर कोणाच्या हातून चहा-बिस्किटांसाठी फिरलेले नाहीत. ते जमवण्यास हरकत नाही, पण वहीत त्यांचे पान वेगळे असावे.

कॅनडातील सेंट लॉरेन्सच्या आखातातील मॅग्डालेन बेटांचे १८१५चे एक पेनीचे टोकन मला स्वतःला सर्वांत प्रिय आहे. १७९८ साली ही बेटे ॲडमिरल सर आयझॅक कॉफिन यांना बहाल झाली होती आणि त्यांनी बर्मिंगहॅमहून ही टोकने पाडून आणली. एका बाजूस सील, दुसऱ्या बाजूस चिरून वाळवलेला कॉड मासा आणि ‘मासेमारीला यश लाभो’ अशा अर्थाचा मजकूर आहे. मालवणच्या किनाऱ्यावर मासे वाळत घातलेले ज्याने पाहिले आहेत, त्याला ही मागील बाजू समजावून सांगावी लागत नाही. कॅनडाच्या टोकनांचे संग्राहक ब्रेटन यांच्या जुन्या सूचीचे क्रमांक आजही वापरतात. हा नग तेथे ५२० क्रमांकाचा आहे. क्रमांक पाठ असला की विदेशी विक्रेत्याशी पत्रव्यवहार निम्म्याने कमी होतो. जवळच्याच प्रिन्स एडवर्ड बेटाची १८५५ व १८५७ सालची, स्वराज्य आणि खुल्या व्यापाराचा घोष छापलेली अर्ध्या पेनीची टोकने मात्र विपुल आहेत आणि आरंभासाठी ती सर्वांत सोयीची आहेत.

याशिवाय हवाई बेटांपैकी माउईवरील वायलुकु येथील साखरमळ्याची टोकने, नेपोलियनच्या मृत्यूमुळे सर्वांना ठाऊक असलेल्या सेंट हेलेनावरील सॉलोमन, डिक्सन आणि टेलर या व्यापाऱ्यांची अर्धी पेनी, आणि उत्तर ध्रुवाजवळच्या स्पिट्सबर्गेन बेटावरील सोव्हिएत कोळसाकंपनी आर्क्टिकउगोलची १९४६ची कोपेकची टोकने एवढी नावे सुरुवातीच्या यादीत असली तरी पुरे.

आपल्या देशाशी जोडलेली एक जात विसरू नये. पोर्ट ब्लेअर येथे १८५८ साली कैद्यांची वसाहत सुरू झाली आणि तिच्यासाठी व्हिक्टोरियाचे चित्र असलेली तांब्याची एक रुपयाची ‘अंदमान टोकने’ १८६१ व १८६६ सालांची निघाली. तांब्याचा रुपया हीच मुळात विचार करायला लावणारी वस्तू आहे: मुख्य भूमीवर रुपया चांदीचा असताना बेटावर तो तांब्याचा चालतो, कारण बेटाबाहेर जाण्याची मुभा ना रुपयाला, ना तो बाळगणाऱ्याला. यांतील मध्यभागी भोक असलेला नग समोर आला, तर कोणीतरी गळ्यात घालण्यासाठी भोक पाडले असेल असे समजून तो घाईने नाकारू नये. भोक नेमके मध्यावर आणि स्वच्छ कडेचे आहे का, हे आधी पाहावे. हे टोकन महाग असते आणि त्याच्या नकलाही होतात, म्हणून जाणत्या व्यक्तीने हाताळल्याखेरीज ते घेऊ नये.

याच्या उलट सिंगापूरच्या व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून मागवलेल्या तांब्याच्या टोकनांवर ‘आयलंड ऑफ सुलताना’ असे जे नाव दिसते, त्या नावाचे बेट नकाशावर शोधत बसू नये. कंपनी सरकारच्या पैशांसारखे दिसणारे पण त्यांची थेट नक्कल न ठरणारे काही तरी बाजारात आणायचे, यासाठी घातलेले ते नाव आहे. वरील तीन प्रश्नांपैकी ‘कोठे वटत होते’ याचे उत्तर येथे बेटाकडून नव्हे, तर व्यापाऱ्याकडून मिळते.

आता खऱ्या-खोट्याची पारख. या बाबतीत कोल्हापूरकर भाग्यवान आहे, कारण उद्यमनगर आणि शिरोलीच्या फाउंड्यांत ओतकाम जाणणारी माणसे शेकड्यांनी आहेत. बहुतेक धातूची टोकने ठशांखाली दाब देऊन पाडलेली असतात. स्वस्त नकला मात्र अस्सल नगावरून साचा घेऊन ओतलेल्या असतात. ओतीव नगाच्या सपाट भागावर भिंगाखाली बारीक खड्डे दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत वाटतात आणि कडेवर साच्याच्या दोन भागांचा सांधा कानशीने घासल्याच्या खुणा असतात. मी एकदा एका ओळखीच्या मोल्डरला असा नग दाखवला, तेव्हा त्याने दर्शनी बाजू पाहिलीसुद्धा नाही. कड बोटाने चाचपून ‘हे ओतलंय’ एवढेच म्हटले आणि चहा मागवला. म्हणून छायाचित्र मागवताना दोन्ही बाजूंबरोबर कडेचेही मागवावे.

वजन आणि व्यास यांची तपासणी अजिबात टाळू नये. गुजरीतील सराफाकडे मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा असतो आणि ओळखीवर तो दोन मिनिटे मिळतो. व्यासासाठी साधा डिजिटल कॅलिपर पुरतो. सूचीतील वजनाशी थोडा फरक झिजेमुळे पडतो, पण नग चलनात न वापरल्यासारखा टवटवीत आणि वजन मात्र बरेच कमी-जास्त, असे जुळत नसेल तर संशय धरावा. सराफांकडील कॅरेटोमीटरवर धातूचे मिश्रण ओरखडा न पाडता कळते. तथापि ते यंत्र सोन्या-चांदीसाठी बसवलेले असल्याने तांबे-कथिलाचे आकडे अदमासानेच घ्यावेत. कसोटीच्या दगडावर मात्र नग कधीही घासू देऊ नये. सराफाच्या हाताला ती सवयच असते, म्हणून हे काट्यावर ठेवण्यापूर्वीच सांगावे.

नकलांखेरीज आणखी एक फसवा वर्ग आहे. अलीकडच्या काळात निर्जन किंवा नाममात्र वस्तीच्या बेटांच्या नावाने, कधी पक्ष्यांची तर कधी जहाजांची चित्रे घालून, केवळ संग्राहकांसाठी चकचकीत ‘नाणी’ काढली जातात. त्यांत खोटे असे काही नसते, पण ती कोणी कोणाला मजुरी म्हणून दिलेली नसतात आणि कोणत्याही दुकानात वटलेली नसतात. तेव्हा ती व्यापारी टोकने नव्हेत.

खरेदी बहुतेक वेळा परदेशी लिलावातून करावी लागते. बोलीच्या रकमेवर खरेदीदाराचे कमिशन, टपाल, विमा आणि आपल्याकडे पार्सल उतरल्यावरचे सीमाशुल्क धरून एकूण आकडा आधीच कागदावर मांडावा आणि त्यावरून मागे येत आपली कमाल बोली ठरवावी. नग खोटा निघाल्यास परत घेण्याची अट लेखी आहे का, हे पाहावे. पावती आणि सीमाशुल्काचा कागद कायम जपावा. नग परत पाठवायचा किंवा परदेशी विकायचा झाल्यास १९७२चा पुरावस्तू कायदा लक्षात घ्यावा लागतो. शंभर वर्षांहून जुनी नाणी व वस्तू त्याच्या कक्षेत येऊ शकतात आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परतीची मुदत मोजताना ही अडचण आधीच विचारात घ्यावी आणि शंका असल्यास पुरातत्त्व खात्याकडून लेखी खुलासा घ्यावा.

जपणुकीत माझी स्वतःची एक चूक सांगतो. प्रिन्स एडवर्ड बेटाची माझी पहिली अर्धी पेनी दसऱ्याच्या आदल्या दिवशी देवाच्या भांड्यांसोबत चिंच लावून घासली गेली. ती नव्यासारखी लखलखली आणि त्याच क्षणी तिची किंमत संपली. दीडशे वर्षांत तांब्यावर चढलेला तपकिरी थर हाच त्याचा पुरावा आणि हेच त्याचे संरक्षण. चिंच, लिंबू, राख, पितांबरी यांपैकी काहीही त्याला लावू नये. चिकट मळ असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवावे, आणि पीव्हीसीच्या पाकिटामुळे आलेला हिरवा चिकटपणा शुद्ध ॲसिटोनने काढावा. मात्र कोकोसच्या प्लास्टिक टोकनांना ॲसिटोनचा थेंबही लागता कामा नये, कारण ती त्यात विरघळू शकतात. हस्तिदंत ओळखण्यासाठी तापलेली सुई टोचण्याचा जो जुना प्रकार आहे तोही येथे घातक आहे, कारण त्या काळचे काही प्लास्टिक चटकन पेट घेते. ही टोकने धातूच्या नगांपासून वेगळ्या, हवा खेळणाऱ्या डबीत ठेवावीत.

कोल्हापूरचा पावसाळा हा तांब्या-कांस्याचा खरा शत्रू आहे. जून ते सप्टेंबर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि दर पंधरवड्याने त्या वाळवून परत घालाव्यात. फिकट हिरवी, भुकटीसारखी बुरशी दिसल्यास तो नग लगेच इतरांपासून बाजूला करावा. ती पुसून टाकण्याजोगी धूळ नसून धातू आतून खाणारा रोग आहे. शिशाची किंवा कथिलाची टोकने प्लायवूडच्या कपाटात ठेवू नयेत, कारण लाकडातून व डिंकातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफा शिशाला खातात. कोल्हापूर परिसरात सापडलेली, प्राचीन काळी येथे राज्य करणाऱ्या कुर राजांची, धनुष्यबाण कोरलेली शिशाची नाणी ज्यांनी जवळून पाहिली आहेत, त्यांना शिसे किती हळवे असते ते ठाऊक असेल.

प्रत्येक नगासाठी एक कार्ड करावे. त्यावर वजन, व्यास, सूचीतील क्रमांक, खरेदीची तारीख व रक्कम आणि पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. उत्तर अंदाजाचे असेल तर ते पेन्सिलीने लिहावे, म्हणजे पुढे खोडता येते. विक्रेत्याकडून आलेले जुने कागदी पाकीट, त्यावर कोणा अनोळखी संग्राहकाने शाईने लिहिलेल्या दोन ओळी असल्या तर, टोकनाबरोबरच पण त्याला न चिकटवता ठेवावे.