राउटर वापरताना या चुका टाळा

वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरचा पासवर्ड वेगळा, हे सांगून सांगून मी थकलो आहे. पहिल्याने फोन जोडला जातो; दुसऱ्याने १९२.१६८.१.१ यासारख्या पत्त्यावरचे सेटिंगचे पान उघडते, आणि मी पाहिलेल्या बहुतेक घरांत तो अजूनही ‘अ‍ॅडमिन’च असतो. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांचे मोडेम मालवेअरने, म्हणजे घातक सॉफ्टवेअरने, बंद पाडले, तेव्हा कंपनीनेही मूळ पासवर्ड बदलण्याचेच आवाहन केले होते.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांच्या लॅपटॉपवर बँकेचे संकेतस्थळ उघडताना भलतेच पान येई. त्यांनी दोनदा पैसे मोजून लॅपटॉप फॉरमॅट करून घेतला होता. मी सहज विचारले, तेव्हा काकूंच्या फोनवरही तेच होत असल्याचे कळले. घरातल्या सगळ्याच उपकरणांना एकच दुखणे असेल, तर राउटर तपासावा. “अहो, पासवर्ड तर नातवाच्या वाढदिवसाचा ठेवलाय की!” असे काका म्हणाले, तो अर्थातच वायफायचा होता. राउटरच्या सेटिंगमध्ये पाहिले तर डीएनएसच्या, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेच्या, रकान्यात कोणीतरी परके पत्ते भरून ठेवले होते, म्हणजे बँकेचे नाव बरोबर टाइप करूनही गाडी दुसऱ्याच दारात जात होती. मी ते पत्ते पुसले आणि चहा घेऊन निघालो. आठवड्याने पुन्हा तेच. घाई माझीच नडली: अ‍ॅडमिनचा पासवर्ड मी बदललाच नव्हता आणि बाहेरून राउटर हाताळू देणारे ‘रिमोट मॅनेजमेंट’ चालूच होते. तेव्हापासून मी आधी पासवर्ड बदलतो, मग रिमोट बंद करतो आणि डीएनएस शेवटी पाहतो. नवा पासवर्ड वीजबिलांच्या फाइलमध्ये कागदावर लिहून ठेवायला सांगतो; चोर इंटरनेटवरून येतो, कपाटातून नव्हे.

दुसरा राग डब्ल्यूपीएसवर. बटण दाबून किंवा पिन टाकून फोन वायफायला जोडण्याची ही सोय, पासवर्ड टाइप करण्याचा कंटाळा असलेल्यांची आवडती. तिचा पिन आठ अंकी असला, तरी शेवटचा अंक आधीच्या सातांवरून ठरतो आणि राउटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासतो. त्यामुळे कोट्यवधी शक्यता उरत नाहीत. दहा हजार अधिक एक हजार, म्हणजे फार तर अकरा हजार प्रयत्न पुरतात. हा दोष २०११ मध्येच जाहीर झाला. माझ्या हाती आलेल्या प्रत्येक राउटरवर मी ही सोय बंद करतो, तक्रारी येतात तरीही.

फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतले सॉफ्टवेअर, मी दर तीन महिन्यांनी तपासतो. कंपनीने अद्ययावत आवृत्ती देणे थांबवले असेल, तर नवा राउटर घ्यावा. यूपीएनपी, म्हणजे घरातल्या उपकरणांना राउटरमधून बाहेरची वाट आपोआप उघडू देणारी सोय; तिची गरज माहीत नसेल, तर ते बंद ठेवावे. पाहुण्यांना आणि स्वस्त कॅमेऱ्यांना गेस्ट नेटवर्क, म्हणजे घरच्या वायफायपासून वेगळे ठेवलेले नेटवर्क, द्यावे.

आणि काहीही बिघडले की टाचणी घेऊन रीसेटचे बटण दाबणाऱ्यांनी आधी इंटरनेट जोडणीचे युजरनेम आणि पासवर्ड टिपून घ्यावेत. रीसेटनंतर ते बहुधा पुसले जातात आणि जुना ‘अ‍ॅडमिन’ मात्र परत येतो.